वरचं मीठ

मी एक जुनी मिठाची बरणी आहे. म्हणजे जुनी मी, मीठ नव्हे. पण खरं सांगायचं तर मित्रांनो, माझ्यातलं मीठही आता जुनंच झालं आहे. दोन वर्षं होत आली, त्याला कुणी चमचा लावलेला नाही.

खाली उभं राहून मान वर केलीत तर मी तुम्हाला दिसेन. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, खिडकीकडच्या टोकाला. अंग पांढरट, गळा तपकिरी, पोट जरा सुटलेलं. उजवा कान थोडा उडालेला आहे. माझ्या बुडाखाली एक कागद घडी घालून ठेवला आहे. त्या कागदासाठीच मी आज तोंड उघडलं आहे. नाहीतर आम्हा बरण्यांना बोलायची सवय नसते. आत असेल ते जपायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं, एवढंच आमचं काम.

माझा जन्म भट्टीत झाला. मला घडवणारा कारागीर बोलायला फटकळ, पण हाताचा हळुवार होता. चाकावर चढवून त्याने मला आकार दिला, आठ दिवस सावलीत वाळवलं आणि मग शंभरेक भावंडांबरोबर भट्टीत रचलं. भट्टी ऐन तापली की तो वरच्या भोकातून ओंजळ ओंजळ मीठ आत टाकायचा. त्या मिठाची वाफ व्हायची, आमच्या अंगावर बसायची आणि तिचीच ही काचेसारखी चकाकी व्हायची. म्हणजे मी मिठात न्हाऊनच जगात आले. पुढे जन्मभर मिठाचीच होऊन राहिले.

भट्टी उघडली तेव्हा माझं झाकण तडकलेलं निघालं. कारागिराने दोन शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या एका फुटक्या बरणीचं झाकण माझ्या डोक्यावर ठेवलं. ते कधीच नीट बसलं नाही. एका बाजूने बारीकशी फट कायम राहिली. तरी आम्ही दोघांनी जमवून घेतलं. संसार असेच होतात म्हणे.

मला ज्या बाईंनी दुकानातून आणलं त्यांना सगळी आळी काकू म्हणते, म्हणून मीही काकूच म्हणते. त्या वेळी त्या नव्यानेच घर मांडत होत्या. त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"आवाज भरीव आहे," त्या म्हणाल्या.

"झाकण सैल आहे हो ताई," दुकानदार प्रामाणिक होता.

"असू दे. घट्ट झाकण घाईच्या वेळी नेमकं उघडत नाही."

अशी मी या घरात आले. एक बाहेरची खोली, एक आतली आणि हे स्वयंपाकघर. मधोमध लाकडी टेबल, त्याला चार खुर्च्या. मी मोठी आणि जड, म्हणून मला वरच्या फळीवर जागा मिळाली. टेबलावर एक काचेची वाटी असायची, झाकणाची, बोटभर उंचीची. तिच्यातलं मीठ जेवताना ज्याला हवं त्याने घ्यायचं. ती रिकामी झाली की काकू स्टुलावर चढायच्या आणि चमच्याने माझ्यातलं मीठ काढून तिच्यात भरायच्या. मला कधी खाली उतरवावं लागायचं नाही. रोजच्या बोलण्यात वाटीतलं ते 'खालचं मीठ' आणि माझ्यातलं ते 'वरचं मीठ'. "अहो, खालचं संपलंय, जरा वरचं काढा," हे वाक्य मी या घरात हजारदा ऐकलं असेल. मित्रांनो, हे दोन शब्द लक्षात ठेवा. या घराचं पुढे जे झालं ते याच शब्दांपायी झालं.

हे 'अहो' म्हणजे काका. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची पानं यायची आणि काका लाल पेन्सिल घेऊन त्यातल्या चुका टिपायचे. छापखान्यात त्यांना 'वेलांटीकाका' म्हणत, कारण ऱ्हस्वाची दीर्घ आणि दीर्घाची ऱ्हस्व झालेली वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कामाची पानं ते घरीही आणायचे आणि याच टेबलावर बसून पुटपुटत वाचायचे. विरामचिन्हांसकट वाचायचे. "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येतो पूर्णविराम अवतरण पुरं." वर्षानुवर्षं ते ऐकून ऐकून मला अक्षरओळख झाली. बरणी असून मला वाचता येतं, त्याचं कारण हे.

त्यांच्या कामातली एक खूण मला फार आवडायची. कधीकधी ते एखादा शब्द खोडत, त्यावर दुसरा लिहीत आणि मग त्यांना वाटे, छे, मूळचाच बरा होता. अशा वेळी खोडलेल्या शब्दाखाली ते ओळीने टिंबं काढायचे आणि समासात लिहायचे, 'राहू द्या'. म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने समजायचं, की इथे काही बदलायचं नाही, होतं तेच असू दे. त्यांची लेक लहान होती तेव्हा तिच्या हातून कपबशी फुटली. ती रडकुंडीला आली. काकांनी हवेत बोटाने तीन टिंबं काढली आणि म्हणाले, "राहू द्या." पोर हसायला लागली. तेव्हापासून या घरात माफी मागायची आणि द्यायची ती अशीच. भाजी करपली, टिंब टिंब टिंब. निरोप सांगायचा राहिला, टिंब टिंब टिंब. काकूंनी एकदा काकांचा चांगला सदरा इस्त्रीने जाळला, तेव्हा तर त्यांनी जळक्या भोकाखालीच लाल पेन्सिलीने टिंबं काढून ठेवली होती.

आणि काका खवय्ये होते. बकासुरासारखे नव्हे, पण चवीचे पक्के. त्यांना भाजीत मीठ कमी पडलेलं पहिल्या घासाला कळायचं. ते वाटीचं झाकण उघडायचे, चिमूट घ्यायचे आणि भुरभुरवून म्हणायचे, "अनुस्वार राहिला होता." त्या चिमटीतलं मीठ माझं असे. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच.

मग एका सकाळी छापखान्यातून निरोप आला. काका खुर्चीवरून खाली पडले होते. हृदयाचा झटका होता. काकू हातातलं काम टाकून तशाच धावल्या. चार दिवस घर बंद होतं. पाचव्या दिवशी काकू कपडे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी ओट्याला टेकून उभ्या उभ्या लेकीला फोन केला. ती तेव्हा लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती.

"जिवावरचं टळलं गं," काकू म्हणाल्या. "पण पथ्य कडक आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, वरचं मीठ बंद. तेल नावाला. उकडलेलं खा, दुधी खा, रोज चाला. मी सगळं लिहून घेतलंय. बाबांनी झोपल्या झोपल्या वाचलं ते. मी मिठातली वेलांटी पहिली काढली होती, ती त्यांनी दुसरी केली."

वरचं मीठ बंद. डॉक्टरांना म्हणायचं होतं ते ताटात वरून घेतलेलं मीठ, काकांचा तो अनुस्वार. भाजीत शिजताना घातलेलं त्यांनी बंद करायला सांगितलंच नव्हतं. पण या घरात वरचं मीठ म्हणजे मी होते. काकूंनी डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा लिहिला आणि आपल्या घरच्या अर्थाने वाचला. वरचं बंद झालं की खालचं भरणार कुठून, म्हणून तेही आपोआप बंद. आणि ज्यांच्या नजरेतून साधी वेलांटी सुटत नव्हती, त्या काकांनी त्या ओळीतली वेलांटी सुधारली आणि अर्थ तसाच सोडून दिला. तेही याच घरातले ना.

काकूंनी काचेची वाटी धुऊन कपाटात ठेवली. मग स्टुलावर चढून माझं झाकण दाबून बसवलं. पथ्याचा कागद घडी घालून माझ्या बुडाखाली सरकवला. "हरवायला नको आणि समोर दिसायलाही नको," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी अर्धी भरलेली होते.

त्यानंतरची सहा वर्षं मी वरून पाहिली. अळणी जेवण कसं असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. एखाद्या दिवशी गंमत म्हणून खाणं वेगळं. सकाळी मेथीचे भिजवलेले दाणे आणि त्यांचं कडू पाणी. मग ओटची पेज, ना मीठ ना साखर. दुपारी उकडलेला दुधी, ज्याला पाणी सुटलेलं असे आणि पाण्याला दुधीचासुद्धा वास नसे. संध्याकाळी गाजर, कोबी आणि भात, तिन्ही एकाच चवीचे. पहिल्या आठवड्यात काकांनी ताटाकडे पाहून विचारलं, "आज काय, कोरं पान?" काकू हसल्या. महिन्याभराने त्यांनी तेच विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं.

काकूंनी स्वतःसाठीही मीठ बंद केलं. "दोन माणसांना दोन भाज्या कुठे करत बसू," असं म्हणायच्या. पण खरं कारण ते नव्हतं. काका समोर बसून ते अळणी घास गिळत असताना चवीचा घास काकूंच्या घशाखाली उतरेना. एकदा शेजारणीने वाटीभर काहीतरी चमचमीत आणून दिलं. काका बाहेरच्या खोलीत होते. काकूंनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि तशीच परत पाठवली. मी पाहिलं ते.

दर तीन महिन्यांनी दोघं डॉक्टरांकडे जायची. तिथे काय व्हायचं ते परत आल्यावर काकू कौतुकाने लेकीला फोनवर सांगायच्या. डॉक्टर विचारायचे, "वरचं मीठ बंद आहे ना?" काकू सांगायच्या, "अगदी बंद." डॉक्टर म्हणायचे, "उत्तम." सहा वर्षं डॉक्टर आणि काकू एकमेकांशी खरं तेच बोलत होती.

काका मात्र उतरत गेले. आधी सदरा सैल झाला, मग घड्याळाचा पट्टा. दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे. काकू म्हणायच्या, "अहो, थोडं तरी. माझ्यासाठी." मग ते काकूंसाठी खायचे. हट्ट नाही, चिडचिड नाही. एखाद्या कंटाळवाण्या पुस्तकाची पानं तपासावीत, तसं मान खाली घालून चावत राहायचे. एकदाच, फक्त एकदा ते म्हणाले, "अगं, जगायचं ते कशासाठी हेच विसरायला झालंय बघ." काकू सिंककडे तोंड करून उभ्या होत्या. "माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात, चव नको."

इकडे माझ्या सैल झाकणाच्या फटीतून दमट हवा आत शिरत होती. माझ्यातलं मीठ ओलं झालं, सुकलं, पुन्हा ओलं झालं, आणि हळूहळू त्याचा दगड झाला. माझ्या बाहेरच्या अंगावर पांढरी भुरी फुटली. साखरेची बरणी भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. चहाच्या डब्याला दिवसातून चार वेळा हात लागायचा. माझ्याकडे कुणी वर बघायचंही नाही. मला वाईट वाटायचं, पण मी समजूत घालायची. आपण बंद आहोत म्हणून घरधनी जिवंत आहे, असंच मलाही वाटत होतं. मीही याच घरातली ना.

सहाव्या वर्षी मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्या दिवशी काकांना चालवेना, म्हणून काकू एकट्याच रिपोर्ट घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा काका बाहेरच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होते. काकू चपला न काढता स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि स्टुलावर चढल्या. मला वाटलं, काहीतरी शोधताहेत. पण त्यांनी दोन्ही हातांनी माझा गळा धरला आणि माझ्याशी बोलायला लागल्या. इतक्या हळू, की बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये.

"तिने विचारलं, वजन एवढं का कमी झालं? मी म्हटलं, जेवण जात नाही, अळणी आहे ना सगळं. ती म्हणाली, अळणी का? मी म्हटलं, वरचं मीठ बंद सांगितलंय. तर ती म्हणते, हो काकू, वरचं. वरून घेतात ते. भाजीतलं थोडं चालतं की. भाजीतलं कुणी बंद केलं?"

 मग म्हणाल्या, "मी केलं."

  "मी त्यांच्या तोंडची चव काढून घेतली," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं. स्वतःच्या हाताने वाढून." मित्रांनो, मी भट्टीतून निघालेली आहे, सहजी तडकत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, आता तडकणार.

मग त्या उतरल्या. चपला काढल्या. तोंड धुतलं. दुधी चिरून शिजत टाकला. पुन्हा स्टुलावर चढून माझं झाकण काढलं, चमचा घातला, तर चमचा वाकला. त्यांनी खलातला बत्ता आणला आणि माझ्या पोटातला मिठाचा दगड फोडायला लागल्या. माझा कान उडाला तो त्याच वेळी. मला त्याचं दुःख नाही.

आवाजाने काका उठले आणि भिंतीला धरून दारात आले.

"काय फोडते आहेस गं?"

"मीठ."

काका दारातच उभे राहिले. काकू पाठमोऱ्याच होत्या. हातातला बत्ता तसाच होता. आता सांगतील, असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. 

"नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थोडं चालेल," काकू म्हणाल्या. "रिपोर्ट चांगले आलेत. बरे झालात तुम्ही."

काका टेबलाशी येऊन बसले. काकूंनी वाढलं. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावायचे थांबले.

"खारट झालंय का?" काकूंनी विचारलं.

"नाही. थांब. बोलू नकोस जरा."

तो दुधीच होता, मित्रांनो. सहा वर्षांपूर्वी ज्याला कोरं पान म्हणाले होते, तोच. त्यांनी ताट पुसून खाल्लं, बोटं चाटली आणि आणखी मागितलं. जेवण झाल्यावर लेकीला फोन लावला. "अगं, मी बरा झालो," ते मोठ्याने सांगत होते. "काय म्हणजे? तुझ्या आईने केलं बरं. सहा वर्षं एक कण पडू दिला नाही माझ्या ताटात. दुसरी कुणी असती तर दया येऊन चिमूटभर घातलं असतं. ही हलली नाही. जीव वाचवला माझा."

काकू भांडी घासत होत्या. एकच वाटी त्या पुन्हा पुन्हा घासत होत्या आणि नळ मोठा सोडला होता. जखमेवर मीठ चोळणं असं लोक सहज बोलून जातात. मी मिठाची बरणी आहे. ते कसं दिसतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतरचे सात महिने काकांना जेवणाचं सुख मिळालं. अंगावर थोडं मांस आलं. पेन्सिलीला टोक करून त्यांनी पुन्हा काम मागवलं. काचेची वाटी भरून पुन्हा टेबलावर आली, पण तिच्यातलं मीठ आता फक्त भाजीत पडायचं. काकू मात्र भाजी शिजत आली की आपली वेगळी काढायच्या आणि मग काकांच्या भाजीत मीठ घालायच्या.

"तूही घे की आता," काका म्हणायचे.

"मला नाही राहिली गोडी."

"मिठाची गोडी?"

"तेच ते. खा तुम्ही गुपचूप."

एके दिवशी दुपारी काकू बाहेर कपडे वाळत घालत होत्या आणि काका टेबलाशी मुद्रितं तपासत होते. आजारी माणसांच्या आहाराची कसलीशी पुस्तिका होती. ते नेहमीसारखे पुटपुटत होते. "रुग्णाने वरचे मीठ कंस सुरू ताटात वरून घेतलेले कंस पुरा बंद करावे पूर्णविराम." पेन्सिल पुढच्या ओळीवर गेली आणि मागे आली. "वरचे मीठ," त्यांनी पुन्हा वाचलं. "कंस सुरू." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते पाहत होते, सांगता येणार नाही. बाहेर काकू कपडे झटकत होत्या, त्याचा फटकारा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी काकू भाजी आणायला गेल्या, तेव्हा काकांनी स्टूल ओढलं. फळीला धरून ते चढले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून फळीवरच बाजूला ठेवलं आणि कागद काढून घेतला. घडी उलगडून खिडकीच्या उजेडात धरला. काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वरचं मीठ बंद.' मिठाची वेलांटी लाल होती, त्यांची स्वतःची. त्यांनी 'वरचं' आणि 'मीठ' यांच्या मध्ये खूण करून वर लिहिलं, 'ताटातलं'. आता ओळ बिनचूक झाली होती. काकांनी ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मग त्यांनी स्वतःच लिहिलेला 'ताटातलं' हा शब्द खोडला. काकूंच्या ओळीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत टिंबं काढली. एकेक टिंब सावकाश, ठसठशीत. आणि समासात लिहिलं, 'राहू द्या'.

कागद जिथल्या तिथे ठेवून त्यांनी मला त्यावर बसवलं. जाताना माझ्या पोटावर हलकेच टकटक केली. काकूंशी ते यातलं एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर आपल्याला कळलंय हे काकूंना कळलं असतं, आणि त्या 'बरे झालात' म्हणाल्या होत्या, ते मोडून पडलं असतं. स्वतःच्या चुकीचा पत्ता काकूंना आधीच लागलाय, हे मात्र काकांना बहुधा उमजलं नाही. किंवा उमजलंही असेल. कारण त्या दिवसापासून जेवताना ते मिठाची वाटी काकूंच्या बाजूला सरकवून ठेवायचे. जेवण झाल्यावर काकू ती परत जागेवर ठेवायच्या. वाटी रोज तिकडे जायची, रोज परत यायची. 

सातव्या महिन्यात, एका दुपारी, जेवण करून काका खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. ताट स्वच्छ होतं.

काकूंनी मिठाची वाटी पुन्हा धुऊन कपाटात ठेवली आणि माझं झाकण लावलं. त्या अजून अळणीच जेवतात. उभ्यानेच, ओट्याशी, चार घास. आता त्यांचाही सदरा सैल होत चालला आहे, म्हणजे ब्लाउजची बाही. शेजारणी म्हणतात, नवरा गेल्याच्या दुःखाने. लेक म्हणते, सवय. खरं काय ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या बुडाखाली आहे.

गेल्या महिन्यात लेक आठ दिवस राहायला आली. आईची अवस्था पाहून तिने पदर खोचला आणि सगळं घर धुऊन काढलं. स्वयंपाक तिनेच केला, त्यात बाजारातून आणलेल्या पुडीतलं मीठ घातलं. काकूंनी भाजी बाजूला सारून नुसता भात खाल्ला.

"आई, बाबा गेले. आता कसलं पथ्य पाळतेस गं?"

"पथ्य नाही."

"मग काय आहे?"

काकूंनी आपलं ताट उचललं. लेक डोळे पुसत उठली, ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली आणि फळी पुसायला लागली. साखरेची बरणी उचलली, खाली पुसलं, ठेवली. चहाचा डबा उचलला, पुसला, ठेवला. मग तिचे हात माझ्या अंगाला लागले. तिने मला धरलं. बोटभर उचललंसुद्धा. माझ्या बुडाखालून हवा गेलेली मला जाणवली. मित्रांनो, माझ्यातलं मीठ थरथरलं असेल.

"आई, ही केवढी जड आहे. काढू का खाली? रिकामी करून धुते."

"नको," काकू म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. मिठाच्या बरणीकडे त्या बघत नाहीत हल्ली. "तिला हात लावू नकोस. वरवर पूस नुसती. राहू दे."

लेकीने मला खाली टेकवलं. फडकं माझ्याभोवती गोल फिरवलं आणि ती उतरली.

तेव्हापासून मी इथेच आहे. 'राहू द्या' हे काकांचे शब्द मी बुडाखाली धरून बसले आहे आणि 'राहू दे' म्हणून काकूंनीच ते तिथे बंद करून ठेवले आहेत. मला हात असते तर मी बाजूला झाले असते. पाय असते तर कधीच फळीवरून उडी टाकली असती. तुकडे झाले असते माझे, पण तो कागद त्यांच्या हाती लागला असता. मला यातलं काही करता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी, जड, कुणाला नकोशी वस्तू असेल. तिला मोडीत काढायचं तर खुशाल काढा, आम्हाला त्याचं काही नाही. पण पुसाल तेव्हा वरवर पुसू नका. उचला, आणि खालीही बघा.